‘लोककला रक्तातच असते’ म्हणणाऱ्यांसाठी

एक संदेश सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोककला त्या त्या समाजाच्या रक्तातच असते, ती शिकावी लागत नाही, गुरू लागतो तो शास्त्रीय कलेला. वारली चित्र तर कोणीही काढेल. शिवाय आता सगळ्याचं चित्रीकरण झालंय, मग म्हाताऱ्या कलावंतांवर पैसा कशाला? लोककलांवर मनापासून प्रेम करणारी माणसंही हे पुढे पाठवताहेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी रक्ताचं बघू. वारली लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायचा मान सवाशिणींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि चौकात पालघाट देवी येते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुरुष असून चित्रं काढू लागले, तेही लग्न असो वा नसो, रोज. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तानेच कला येत असती तर पाड्यावरच्या प्रत्येकाच्या हातून तशीच रेघ उतरली असती. जन्माने एक गोष्ट नक्की मिळते: लहानपणापासून जाणत्याच्या शेजारी बसायला जागा. पुढची वर्षं ज्याची त्यालाच घालावी लागतात.

‘दोन त्रिकोण आणि एक गोल, झाला माणूस’ हे तर ज्याने चित्र काढायची बांबूची काडी हातात धरली नाही त्याचं बोलणं. दोन त्रिकोणांची टोकं कमरेशी मिळतात. तिथला कल जरा बदलला की नाचणारा माणूस ओझ्याखाली वाकलेला दिसायला लागतो. तांदळाच्या पिठाची रेघ गेरूवर एकदा उमटली की खोडायची सोय नाही.

आता चित्रीकरण. संदेशातला हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून इथे थोडा थांबतो.

तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. ते बनतं सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण यांतून. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे वाद्य वाजवतात आणि स्वतः बनवतातही. तारप्याचा सूर मध्येच तुटत नाही, कारण गालात साठवलेली हवा फुंकत असतानाच वादक नाकाने नवा श्वास घेतो. व्हिडिओत फुगलेले गाल दिसतात. श्वास नेमका कधी घेतला, हे शेजारी बसलेल्यालाच कळतं, आणि शिकणारा कुठे चुकला हेही त्यालाच. शिवाय तारपकरी चाल बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. कॅमेऱ्यात सापडते ती त्या एका रात्रीची चाल.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी घ्या. ठाकर समाजाची ही कला. कथेतली चित्रं ओळीने लावलेली, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी वीणा-हुडुक-टाळांच्या साथीने एकेक पान पुढे धरतो, गातो, सांगतो, पान उलटतो. अशी जुनी पानं संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत, तेही काम मोलाचंच आहे. पण काचेमागे पानाची एक बाजू दिसते, दुसरी भिंतीकडे तोंड करून असते आणि कथा तर कुठेच नसते. चित्र कधी पुढे करायचं, कुठे थांबायचं, समोर मुलं बसली असतील तर काय वाढवायचं, हे पानावर लिहिलेलं नाही. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं छोटं संग्रहालय उभारलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे चित्रं आणि बाहुल्या आहेत आणि त्या हलवणारे हातही घरातच आहेत. म्हणून तिथली चित्रं बोलतात.

राहिला पैसा. पद्मश्रीबरोबर रोख रक्कम मिळत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं, पण तो म्हातारपणाचा आधार झाला, शिकवण्याचा मोबदला नव्हे. केंद्राच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य योजना आहे. तिच्यात गुरूलाही मानधन मिळतं आणि शिष्यालाही. संदेश म्हणतो त्याच्या नेमकं उलट असं हे काम आहे आणि पैसा वाढवायचा असेल तर तो इथे वाढवायला हवा.

मे २०१८ मध्ये जिव्या म्हसे गेले. त्याच महिन्यात वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरही गेल्या. बैठकीच्या लावणीत त्या बसल्या जागी एकच ओळ पुन्हापुन्हा घेत आणि दर वेळी अदा वेगळी असे. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. ‘बाई, ही ओळ अशी का फिरवली?’ हे मात्र आता कोणाला विचारणार?