जेपीजी फोटो पीएनजीत बदलल्याने त्याचा दर्जा वाढत नाही

फ्लेक्स किंवा पत्रिका छापायला देण्यापूर्वी जेपीजी फोटो पीएनजीत (हे दोन्ही चित्र साठवण्याचे फाइल-प्रकार) बदलून घ्यावा, म्हणजे तो अधिक स्पष्ट येतो, असा सल्ला समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

जेपीजी फाइल तयार होताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे (चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते त्यांचे) चौकोन पाडले जातात आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे, विशेषतः रंगांमधले, कायमचे टाकून दिले जातात. फाइल लहान होते ती त्यामुळेच. पीएनजी मात्र हाती आलेला प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा राखते, त्यामुळे रूपांतरानंतर जेपीजीतले दोषही तसेच राहतात, गेलेला तपशील परत येत नाही आणि फोटोची फाइल बहुधा कित्येक पटींनी फुगते. शंका असल्यास जेपीजीतील काळ्या अक्षराची कड ४०० टक्के मोठी करून पाहावी. तिच्याभोवतीचे करडे ठिपके पीएनजीतही त्याच जागी सापडतील. फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलल्याने तर आतली रचनासुद्धा बदलत नाही.

जेपीजी नुसती उघडून पाहिल्यानेही खराब होते, हे विधानही निराधार आहे. दर्जा घटतो तो फेरफार करून ती पुन्हा जेपीजी म्हणूनच सेव्ह केल्यावर. म्हणून काम चालू असेपर्यंत प्रत पीएनजी किंवा टिफ या आणखी एका फाइल-प्रकारात ठेवणे श्रेयस्कर. लोगो, स्क्रीनशॉट आणि पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रे यांसाठी पीएनजी सुरुवातीपासूनच योग्य. छपाईसाठी मात्र कॅमेऱ्यातील मूळ फाइलच द्यावी, आणि ती व्हॉट्सॲपवरून पाठवायची असल्यास फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.