दुभत्या गाईच्या लाथा

माझं वय बेचाळीस. दोनदा सोसायटीचा खजिनदार झालोय, तेही वर्गणीवरून मारामारी न होऊ देता. आणि गेले तीन आठवडे एक गुलाबी गाय मला रोज रात्री तुडवते आहे.

गाईचं नाव मिलटँक. मुक्काम गोल्डनरॉड शहर, मालकीण व्हिटनी, गेम पोकेमॉन गोल्ड, म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून झुंजवायचा खेळ. गेम १९९९ सालचा. दाजींच्या माळ्यावर तो गेमबॉयसकट सापडला. कार्ट्रिजमधला सेल मेला होता, तो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून नवीन सोल्डर करून घेतला. भाचीला सुट्टीत खेळायला म्हणून हं. ती दोन दिवसांत कंटाळली, मी अडकलो.

यात जिम म्हणजे झुंजीचे आखाडे, तिथला म्होरक्या हरवला की बॅज मिळतो. पहिल्या दोन जिमचे बॅज मी जेवता जेवता खिशात टाकले होते. व्हिटनी तिसरी. तिच्याकडे फक्त दोन पोकेमॉन. पहिली क्लिफेरी, तिचं काही विशेष नाही. मग वीस लेव्हलची ही गोमाता येते आणि अंगाचं मुटकुळं करून गडगडत सुटते. या डावाला रोलआउट म्हणतात. पहिल्या धडकेची ताकद तीस, मग साठ, मग एकशेवीस, दोनशेचाळीस, चारशेऐंशी. सावकाराचं व्याजही इतक्या वेगाने चढत नाही! मध्ये तिचा नेम चुकला तर हिशेब पुन्हा तिसावर येतो. पण दहात एखाद्या वेळीच चुकतो, आणि तेव्हा माझ्याकडे कोणी शुद्धीवर नसतं. रोलआउट दगडाच्या जातीचा, म्हणजे माझा आगीचा क्विलाव्हा आणि उडणारा पिजी यांना तो दुप्पट लागतो. माझी फौज बहुतेक तिला विचारूनच भरती केली होती.

मी वहीत तक्ता आखला. जिओड्यूड हा दगडधोंडा, त्याला रोलआउट निम्माच लागतो. त्याला पुढे केलं. घासून घासून गाईचा जीव निम्म्यावर आणला, तर ती शांतपणे स्वतःचंच दूध प्यायली आणि पुन्हा टवटवीत! मिल्क ड्रिंक म्हणतात त्याला. त्यानंतर तिने डोळा मारला. जिओड्यूड प्रेमात पडला. आता तो दर दोन पाळ्यांतली एक नुसता बघत बसायचा, आणि ती उरलेल्या वेळात त्याला लाथ घालायची. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण दूध तरी आपल्याला मिळायला हवं ना!

"तिच्या मागे कशाला उभा राहतोस?" आई खांद्यावरून बघत रोज म्हणायची. आईचं माहेर गोठ्याचं. "गाईला बाजूने जावं. आणि गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष ठेव."

अकराव्या पराभवानंतर भाचीने माझी वही मागून घेतली. वरून खाली बोट फिरवलं.

"मामा, तुझे सगळे मुलगेच आहेत."

"मग?"

"मग ती गाय मुलगी आहे ना. मुलीवर तिचं अ‍ॅट्रॅक्ट, ते डोळा मारणं, चालत नाही."

मी वहीकडे पाहिलं. ताकद, वेग, जात, लेव्हल, सगळे रकाने होते. हा एक नव्हता.

गोल्डनरॉडच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक गृहस्थ ड्राउझीच्या बदल्यात मॅचॉप देतात. कुस्तीगीर जात, रोलआउट निम्माच लागतो, गाईच्या जातीवर फटका दुप्पट. आणि ही मॅचॉप बाई आहे. मी त्याच दुकानात रोज जात होतो, पोकेमॉनची औषधं घ्यायला! शहराच्या दक्षिणेच्या गवतात ड्राउझी धरली, सौदा केला, दोन रात्री बाईंना तालीम दिली.

शेवटच्या लढतीत गाईने सवयीने डोळा मारला. काही झालं नाही. मॅचॉपबाईंनी कराटे चॉप हाणला, गाय दूध प्यायली, बाईंनी अजून एक हाणला, मग अजून एक. गाय आडवी. मी सोफ्यावर उभा.

तर व्हिटनी रडायला लागली. बॅजबिज काही नाही, नुसतं भोकाड! मला एकदम अपराधी वाटलं. मुलीला रडवलं आपण. दाराकडे निघालो तेव्हा जिममधली दुसरी मुलगी म्हणाली, ही हरली की रडतेच, मनावर घेऊ नका. परत गेलो, तेव्हा कुठे डोळे पुसत तिने बॅज दिला.

तो भाचीला दाखवायला वळलो, तर ती नाक मुरडून वास घेत होती.

"मामा," ती म्हणाली, "दूध."