हवेचा ठराव

गेल्या रविवारी सकाळी पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या एका पेट्रोल पंपावर माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरात किती हवा आहे, हे बहुमताने ठरवण्यात आले आणि त्या मतदानात मी हरलो. हवा भरणाऱ्या मुलाला मी ३३ सांगितले, त्याच्या यंत्राने ३३ आकडा दाखवून पीं केले, आणि त्याने नळी काढल्यावर मी खिशातला डिजिटल मापक त्याच वॉलवर, म्हणजे टायरच्या हवा भरायच्या तोंडावर, टेकवला, तर तो २९ म्हणाला. हे आकडे पीएसआयचे, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब आहे त्याचे, आणि चार पीएसआयचा फरक किरकोळ नसतो. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो आणि नवीन टायरचे पैसे दोन्ही वेळा मीच भरतो. म्हणून मी त्या मुलाला अतिशय सौम्यपणे म्हणालो, "दादा, पुन्हा एकदा बघता का?"

एवढ्यात हातात दुधाची पिशवी आणि बगलेत वर्तमानपत्र घेतलेले एक गृहस्थ आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, स्कूटर नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. पलीकडचा पदपथ महापालिकेने खोदून ठेवल्यामुळे ते पंपातून वाट काढत घरी निघाले होते. आपण पंधरा वर्षे सोसायटीचे सेक्रेटरी होतो, हे त्यांनी कोणीही न विचारता सांगितले आणि लगेच कामकाजाला सुरुवात केली.

"याचं यंत्र काय म्हणतं?"

"तेहतीस."

"आणि तुमचं?"

"एकोणतीस."

"मग एकतीस धरा. दोघांचाही मान राहील."

टायरमधील दाब ही तडजोडीने ठरवण्याची बाब नाही, आत जो काही दाब आहे तो एकच आहे आणि तो आपल्या मानापमानाची दखल घेत नाही, असे मी त्यांना समजावू लागलो. त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "अहो, पण आत जाऊन कोण बघून आलंय?" यावर मला उत्तर सुचेना, हे ओळखून त्यांनी पुढचा मुद्दा मांडला. "हे यंत्र जमिनीला बोल्टने बसवलंय. तुमचं खिशात मावतं. मग कोणाचं ऐकायचं?" हवेवाल्या मुलाने मान डोलावली. त्यानंतर त्यांनी माझा मापक हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "याला दाखला कोणाचा आहे?"

हा प्रश्न अगदी योग्य होता आणि म्हणूनच तो मला अजून झोंबतो आहे. संपूर्ण पंपावर मोजमापशास्त्राला धरून असलेला एकमेव प्रश्न विचारावा तो ज्याच्या नावावर एकही चाक नाही अशा माणसाने, आणि तोही फक्त मलाच! जमिनीत बोल्ट ठोकलेल्या यंत्राला त्यांनी कोणताही दाखला मागितला नाही.

तिसरे मत असावे म्हणून त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावले. त्याने शर्टाच्या खिशातून पेनासारखा मापक काढला, तो मांडीवर पुसला, वॉलवर दाबला आणि ३६ जाहीर केले. सेक्रेटरींनी तळहातावर बोटाने गणित केले. "साडेबत्तीस येतात. सूचक मी, अनुमोदक तू," असे त्यांनी हवेवाल्या मुलाला सांगितले आणि "विरोधात कोणी?" असे विचारले. मी हात वर केला. "एक," त्यांनी नोंद घेतली. मागच्या गाडीने वाजवलेला हॉर्न पाठिंबा म्हणून धरण्यात आला. मापक वॉलवर टेकवला की प्रत्येक वेळी फुस्स होऊन थोडी हवा निसटते, त्यामुळे ज्या हवेविषयी ठराव मंजूर झाला, तिच्यातील काही भाग तोवर सभा सोडून गेलेला होता. "मागच्या टायरांचा विषय पुढच्या वेळी घ्या," असे सांगून गृहस्थ निघून गेले.

यात हसण्यासारखे बरेच आहे हे मला समजते, पण मला पुरेसे हसू येत नाही. याच पंपावर पेट्रोल कमी येते असा संशय आला, तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागवून तुमच्यासमोर तपासून दाखवावे लागते. कांदेवाल्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, रिक्षाच्या मीटरला सील असते. हवा मात्र फुकट मिळते, आणि जी वस्तू फुकट मिळते ती खरी आहे का असे विचारणारा माणूस आपल्याकडे कद्रू ठरतो. ताशी ऐंशीच्या वेगाने द्रुतगती मार्गावरून जाताना माझे सगळे कुटुंब त्याच फुकट हवेवर बसलेले असते, याचा विचार रांगेत मागे उभ्या असलेल्या हॉर्नवाल्याने करायला काय हरकत होती?

तेव्हा घरी स्वतःचा, आणि खरा, मापक असणे भाग आहे. त्याचे आणखी एक कारण मुंबईत विशेष लागू पडते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला आकडा हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. टायर तापला की साधारण साडेपाच अंशांमागे एक पीएसआय या हिशेबाने दाब चढतो. आमच्या घरापासून पंपापर्यंत पोहोचेस्तोवर दोन सिग्नल, एक मेट्रोचे काम आणि एक वरात लागते. तिथे पोहोचणारा टायर थंड असणे केवळ अशक्य आहे. थंड टायर फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्येच भेटतो.

खरा मापक कोणता, हा शोध मी सूडबुद्धीने केला. डिजिटल मापक दशांश चिन्हानंतरचा आकडा दाखवतो, म्हणून तो अचूक असतो असे आपल्याला वाटते, पण ३२.७ दाखवणाऱ्या मापकाची खात्री एक पीएसआय इकडे-तिकडे एवढीच असू शकते, आणि तसे असेल तर दशांशानंतरचा सात हा निव्वळ थाट असतो. काट्याच्या मापकात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते, जी दाबाखाली किंचित सरळ होते आणि काटा फिरवते. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि ती अजून टिकून आहे, फक्त ती एकदा जमिनीवर आपटली की तिच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. खरी मेख टक्क्यांत आहे. अशा मापकांची चूक बहुधा तबकडीवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या टक्क्यांत सांगतात. १०० पीएसआयच्या तबकडीवर तीन टक्के म्हणजे तीन पीएसआय, म्हणजे माझे ३३ हे ३० ते ३६ यांपैकी काहीही. ६० च्या तबकडीवर एक टक्का म्हणजे फक्त ०.६, शिवाय ३३ तिच्या मध्यावर येतात आणि काट्याचे मापक मध्याच्या भागात सर्वांत भरवशाचे असतात. मोठ्या आकड्यापर्यंतची तबकडी घेण्यात शहाणपणा नाही, हे दुकानदाराला पटवणे मात्र कठीण जाते.

नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानात मी हे सगळे ज्ञान घेऊन गेलो. शेठनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "जास्त दाखवणारा देऊ की कमी दाखवणारा?"

"बरोबर दाखवणारा."

"तो सर्टिफिकेटवाला. ऑर्डर द्यावी लागेल. बाकी लोक जास्त दाखवणारा नेतात, मन शांत राहतं."

मी ६० च्या तबकडीचा, लवचीक नळीचा आणि जास्तीची हवा सोडण्याचे बटण असलेला एक मापक घेतला. आता उरला होता दाखला. एनएबीएल या, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा मापक तपासून देतात. ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठरावीक वजने ठेवून खरा दाब निर्माण करतात आणि त्याच्याशी तुमचा काटा ताडून पाहतात. अशा एका प्रयोगशाळेला मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी कंपनीचे नाव विचारले. कंपनी नाही, मी एकटाच आहे, असे मी सांगितले. त्यांनी जीएसटी क्रमांक विचारला. तोही नाही म्हटल्यावर त्यांनी उपकरणाचा ओळख क्रमांक विचारला, आणि तो नसेल तर तुम्हीच एखादा चिकटवून आणा, असे सुचवले. तपासणीचा खर्च मापकाच्या किमतीहून जास्त निघाला, पण मी मागे हटलो नाही.

"तबकडीवर पाच ठिकाणी तपासतो आम्ही," त्या म्हणाल्या.

"मला फक्त ३३ ला तपासून हवा आहे."

"एकच बिंदू? चालेल," त्या म्हणाल्या, "पण पैसे पाचाचेच पडतील."