उडी मारून मेलेल्या स्वोर्डटेलबद्दल : एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की १२ मासे नेले, नवी टाकी त्याच दिवशी भरून त्यात सोडले आणि आठवड्याच्या आत ३ स्वोर्डटेल सकाळी टाकीच्या मागे जमिनीवर मरून पडलेले मिळाले; म्हणजे आम्ही आजारी मासे विकले. मासे गेल्याचं वाईट वाटतंय. पण आजारी मासा सहसा कोपऱ्यात पंख मिटून बसतो, उंच उडी मारायला अंगात ताकद लागते. कल्ल्यांत परजीवी असतील तर मासा उड्या मारतो, हे खरं. पण तो आधी दगडांना, फिल्टरला अंग घासत राहतो. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

तुम्हीच टाकलेला फोटो बघा. टाकी २ बाय १ बाय १ फुटाची, पाणी काठाच्या अर्धा इंच खाली. हूडच्या (टाकीच्या झाकणाच्या) मागच्या बाजूला पाइप आणि वायरसाठी सोडलेली लांब फट उघडीच. फिल्टरचं पाणी पडतंय तेही मागेच. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की मासे वर येतात, आणि जिथं पाणी पडून फेस होतो तिथं जास्त घोटाळतात. तिथून उडी मारली तर मासा फटीतूनच बाहेर जाणार. तिन्ही मासे मागेच सापडले ते त्यामुळं.

आता मुळात उडी का? नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो खाणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्या टाकीत खडे वगळता जेमतेम ५० लिटर पाणी, आणि १२ मासे पहिल्याच दिवशी. अमोनियानं कल्ले जळतात आणि मासा त्या पाण्यातून सुटायला बघतो. त्यात पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचा आकडा) ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून दुसऱ्या कुणाच्या टाकीत चाललं ते तुमच्याकडं चालेलच असं नाही.

पाणी कुठलं वापरलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बेळगावात राकसकोप, हिडकलचं नळाचं पाणी क्लोरीन घालूनच येतं. पाणी आलं की लगेच बादली भरून टाकीत ओतली तर कल्ल्यांना त्याचाही चटका बसतो. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे) लागतो. एवढे बारीक खडे घरी मोजता येत नाहीत, म्हणून १० ग्रॅम हायपो १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर १५ लिटरच्या बादलीला या द्रावणाचे १० मिली पुरतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. ते एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक रात्र ठेवा. (बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. समुद्रकाठच्या मानानं इथल्या पाण्यात ऑक्सिजन आठ-नऊ टक्के कमीच मावतो, त्यामुळं एअर पंप रात्री बंद करू नका.)

स्वोर्डटेल मुळातच उडीबाज. नर जास्त असले तर माद्यांच्या मागे लागतात आणि पळणारी मादी वर उसळते; एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. खोलीचा दिवा एकदम लावला-विझवला तरी दचकतात. पण हे सगळं नंतरचं.

उरलेले ९ वाचवायचे तर आजच पाणी काठापासून २ ते ३ इंच खाली आणा. ४ मिमी जाडीची काच क्लिपांवर बसवा, पाइपसाठी काचेचा कोपरा कापून घ्या आणि उरलेल्या फटीला डासांची प्लास्टिक जाळी लावा. बोटभर फट स्वोर्डटेलला पुरते. पातळ ॲक्रिलिक नको, ओलाव्यानं वाकतं आणि कडेनं पुन्हा फट पडते. टाकीतलं पाणी एक दिवसाआड २५ ते ३० टक्के बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, वाढत आलेले जीवाणू त्यानं मरतात. आमच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मोफत देतो, तो तुमच्या फिल्टरमध्ये घाला.

बाहेर पडलेला मासा दिसला आणि कल्ले हलत असले तर हात ओले करून उचला आणि टाकीच्याच पाण्यात एअर स्टोनजवळ सोडा. कोरड्या फडक्यानं धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

मेलेल्या माशांचे पैसे परत मिळत नाहीत, हे बिलावर छापलेलं आहे आणि या बाबतीत ते बदलणार नाही. पाण्याची तपासणी मात्र फुकट करून देऊ. अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत आणा, साबणानं धुतलेली बाटली नको. टाकीतलंच आणा आणि पाणी बदलायच्या आधी काढलेलं आणा, नाहीतर अमोनियाचा आकडा खोटा येतो.