मारवा आणि पंधरा मिनिटं

एम. ए. संगीतात लेखी पेपर कमी करून सगळा भर प्रात्यक्षिकावर द्यावा, असं एका लेखात म्हटलंय. अर्धं पटतं. मी जळगाव जिल्ह्यातून नोकरी सांभाळून ही पदवी केली. चार सत्रं, रोजचा एसटीचा प्रवास. प्रात्यक्षिकाला माझ्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं आली. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचं लांबलचक आवर्तन, दोन आवर्तनं होत नाहीत तोच परीक्षक म्हणाले, "बास, आता द्रुत (जलद लय) घ्या." बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, दाखवायची कधी?

पण तोंडी परीक्षेत त्यांनीच विचारलं, मारवा, पूरिया, सोहनी या रागांचे स्वर एकच, मग वेगळं काय? मारव्यात भर रिषभ-धैवत या स्वरांवर, पूरियात गंधार-निषादांवर, सोहनी तार सप्तकाकडे, म्हणजे वरच्या पट्टीकडे, झुकलेली. हे वहीत लिहून काढलं होतं म्हणून गाऊन दाखवता आलं. लेखी अगदीच काढू नका हो.

आणि एक. आमच्या खानदेशातलं वहीगायन हे लोकगायन आणि कानबाई या देवीची गाणी अभ्यासक्रमात आली तरी दोन गुणांच्या टीपेपुरती. कानबाईच्या उत्सवाच्या रात्री माझी आजी जे गाते, त्याचं स्वरलेखन प्रकल्प म्हणून का धरू नये? भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत मी दोन गाणी उतरवलीत. आजीची मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काही कागदावर येईना.