ताशी तीस

मेहुणा पुण्याला असतो. दिवाळीला आला की पहिले दोन दिवस ट्रॅफिकवर बोलतो. "दाजी, ट्रॅफिक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत पुणं कोंडीत जगात चौथं! दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद!" पोरगं बोर्डात आल्यासारखं सांगत होता. वर म्हणाला, "तुमच्या सोलापुरात कसलं आलंय ट्रॅफिक?"

हे मात्र लागलं. मी नवी पेठेत एका चादरीच्या दुकानात हिशेब लिहितो. जुळे सोलापुरातून स्कूटरवर जातो आणि उशीर झाला की शेठना 'ट्रॅफिक' हेच कारण सांगतो. म्हणजे मेहुण्यानं माझ्या कारणालाच हात घातला होता.

वही काढली. कोंडी मोजायची तर आधी मोकळ्या रस्त्यानं किती वेळ लागतो ते हवं. त्याच्यावर जे लागतं ती कोंडी. मोकळा रस्ता म्हणजे रात्री दोनचा. "अहो, कुठं निघालाव?" या प्रश्नाला "दुकानापर्यंत जाऊन येतो" हे खरं उत्तर होतं, पण बायकोला पटलं नाही. पाच किलोमीटर, दहा मिनिटं, ताशी ३०. सात रस्त्याच्या कुत्र्यांनी त्यात थोडी भर घातली असेल, तेवढी सूट द्या.

सकाळी तेच अंतर २४ मिनिटं. १४० टक्के जादा! दहा किलोमीटरचा हिशेब केला तर ४८ मिनिटं. पुणं गेलं खड्ड्यात. (गेलेलंच आहे म्हणा.) मी लगेच मेहुण्याला फोन लावला.

बायकोनं वही तपासली. मुनीम मी असलो तरी ऑडिट तिचं. "यात पार्क चौकात उभं राहून बोललेलं किती?"

आता ते कसं मोजणार? आपल्याकडं माणूस भेटला की गाडी बाजूला घेत नाहीत. इंजिन चालू, एक पाय जमिनीवर आणि "काय ओ, दिसत नाही आजकाल!" हे कालच भेटलेल्या माणसाला. मागं तीन रिक्षा, त्यांच्यामागं सिटी बस. रिक्षावाला हॉर्न वाजवतो, मग ओळख पटते आणि तोही बोलायला लागतो.

रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी प्रत्येक वाहनाचा भाव ठरवलाय, म्हणजे ते किती कारएवढं धरायचं ते. कार १, मोटारसायकल अर्धी, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, मोठी बैलगाडी ८. आसरा चौकात उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी वळताना पाहिली की साडेचार फार कमी वाटतात. तिच्यावरच्या गाण्यांचेच दोन धरायला हवेत. पण उभं राहून बोलणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा भाव कुठंच नाही. माझ्या मते बैलगाडीएवढा. बैलगाडी निदान पुढं सरकते.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघाल्या की अख्खं गाव रस्त्यावर असतं. त्या दिवशी कोण घड्याळ बघतो? उलट आपण मागं राहू नये म्हणून घाई. तेव्हा कोंडी बरीचशी कुठं पोचायचंय त्यावर असते, हे मला कळत होतं. पण पोचायचं होतं दुकानात.

शेवटी टार्गेट ठरवलं. ताशी २०. पहिला आठवडा तेरा-चौदाच्या वर काटा जाईना. मिनिटं कमी होत नव्हती, बोलणं तर नाहीच नाही. तेव्हा लक्षात आलं, टार्गेट वेगाचं आहे, वाटेचं नाही! सोमवारी विजापूर रोडला लागलो, सोरेगावहून बायपास धरला, देगाव मागं टाकलं, पुणे रोडवर निघालो आणि जुन्या पुणे नाक्यावरून गावात शिरलो. वाटेत ओळखीचं एक कुत्रं भेटलं नाही. वीस किलोमीटर, चाळीस मिनिटं. ताशी ३०! रात्री दोनचा वेग, भर सकाळी. कोंडी शून्य टक्के.

दुकानात शिरलो तेव्हा गिऱ्हाईक चादर उलगडून बसलं होतं आणि शेठ स्वतः पावती फाडत होते. मी काही न बोलता वही पुढं केली. त्यांनी चष्मा लावला, पानभर आकडे बोट फिरवत वाचले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"वेग चांगलाय ओ," ते म्हणाले. "पुणे नाक्यापर्यंत गेलाच होताव, तर पुण्यालाच का नाही गेलाव?"