पुरा मीटर

आमच्या फ्रिजचा मूळ रंग कोणता, यावर घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते मरून, मी म्हणतो चॉकलेटी. बघून ठरवावं तर दार दिसत नाही. त्यावर लाइट बिल, गॅसची पावती, लेकीच्या क्लासचं वेळापत्रक, माझ्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि दोन लग्नपत्रिका. त्यातल्या एका जोडप्याचा मुलगा आता बालवाडीत जातो. लोहचुंबक पाच, कागद तीस. दार जरा जोरात लावलं की माझं कोलेस्टेरॉल जमिनीवर.

आजोबांच्या काळी हा प्रश्न नव्हता. त्यांच्याकडे तार होती. खाली लाकडी चकती, त्यातून वर आलेली आणि टोकाला आकड्यासारखी वाकवलेली तार. पत्र आलं, वाचलं, तारेत खुपसलं. पावती आली, खुपसली. तळातलं जुनं, वरचं नवं. याहून सोपी दफ्तरव्यवस्था मी कुठल्याही ऑफिसात पाहिली नाही. आईच्या राज्यात तारेची जागा कालनिर्णयनं घेतली. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, धोब्याकडे गेलेल्या चादरी, सगळं त्या चौकोनांत. कागद टाचायच्या बोर्डाची गरज कुणाला पडली नव्हती.

ती मला पडली, कारण मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. चार मिनिटांत एका बाईंनी जुन्या पुठ्ठ्यावर कापड ताणून असा देखणा बोर्ड केला की मी बायकोला म्हणालो, ‘‘यात काय आहे?’’ माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू झाली आहेत.

पहिला प्रयोग थर्माकोलवर. २०१८ साली सरकारनं प्लॅस्टिकबरोबर मखराच्या थर्माकोलवरही बंदी आणली, तेव्हापासून आमच्या माळ्यावर दोन कोरे शीट वनवासात होते. त्यांना सन्मानानं खाली उतरवलं. कापड चिकटवायला घरात सुतारानं ठेवून गेलेलं पिवळं, उग्र वासाचं सोल्यूशन होतं. ते ब्रशनं छान पसरवलं आणि कापड आणायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर शीटवर तलाव! कडा शाबूत, मध्ये खड्डा, आणि तो खड्डा माझ्या डोळ्यांदेखत खोल होत होता. त्या सोल्यूशनमधलं द्रावक थर्माकोल विरघळवतं, हे नंतर लेकीनं सांगितलं. ती अकरावी सायन्सला आहे. ‘‘बाबा, हे केमिस्ट्रीत आहे,’’ असं ती म्हणाली. म्हणण्याची पद्धत तिच्या आईची.

मग टिंबर मार्केट. सॉफ्टबोर्ड म्हणजे लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेला हलका, मऊ बोर्ड. शाळेतल्या सूचना फलकात हिरव्या कापडाखाली असतो तोच. मला हवा होता दोन फूट बाय तीन फूट. दुकानदारानं माझ्याकडे, मी त्याच्याकडे अर्धा पेढा मागितल्यासारखं पाहिलं.

‘‘आठ बाय चारचा शीट येतो. कापून देईन, पण घ्यावा पूर्ण लागेल.’’

आठ बाय चारमधून दोन बाय तीनचे पाच तुकडे निघतात आणि वर दोन बाय एकची चिंधी उरते. हे गणित मी तिथेच उभ्या उभ्या केलं आणि ते बरोबर आलं, या आनंदात पैसे देऊन मोकळा झालो. घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, ‘‘आपल्याला भिंती किती?’’

गन टॅकर, म्हणजे कापडाला पिना मारायची बंदूक, आणायला बोहरी आळीत गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, ‘‘पिना कितीच्या?’’ मी म्हणालो, ‘‘द्या शंभरेक रुपयांच्या.’’ तो म्हणाला, ‘‘काका, सहा, आठ की दहा?’’ ते मिलिमीटर होते. मागे उभ्या असलेल्या खऱ्या सुतारांनी मान दुसरीकडे वळवली. हे त्यांचं सौजन्य.

आता कापड. माझ्या मनात खण होता. गुळेदगुड्डचा, अंजिरी, बारीक बुट्ट्यांचा, काठ असलेला. लक्ष्मी रोडवर दुकानदारानं चार खण उलगडले. मी टेप काढून बोर्डाचं माप लावू लागलो तसे त्यांनी चारही पुन्हा घडी घातले. ‘‘याला पन्हा कमी असतो. हा चोळीचा खण आहे, भिंतीचा नाही.’’ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

बायको म्हणाली, ‘‘विकत कशाला? ओटीतले पीस आहेत की.’’

इथे एका गठ्ठ्याची ओळख करून देणं भाग आहे. आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या चादरीत बांधलेले ब्लाउजपीस आहेत. मंगळागौर, डोहाळजेवण, वास्तुशांत, चैत्रातलं हळदीकुंकू, जिथे जिथे बायकोची ओटी भरली गेली तिथून ते आले. त्यांचा ब्लाउज कुणी शिवत नाही. शिवायचा असा कुणाचा विचारही नसतो. ते येतात, वर्ष-सहा महिने विश्रांती घेतात आणि दुसऱ्या कुणाच्या ओटीत पुढच्या प्रवासाला लागतात. एखादा पोपटी टू-बाय-टू सोलापूर, सातारा, डोंबिवली करून परत आमच्याकडे मुक्कामाला आल्याचं बायको शपथेवर सांगते.

बोर्डाला लागणार होतं एकोणचाळीस इंच. छत्तीसचा बोर्ड, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जाडीचा, आणि मागे दुमडायला एकेक इंच. एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच आणि वर चिमूटभर. म्हणजे पुऱ्या मीटरचा पीस जेमतेम बसत होता. ऐंशी सेंटिमीटरचा बादच. मी टेप घेऊन जमिनीवर बसलो आणि एकेक मोजू लागलो. बायको शेजारी बसून कुठला कुणाकडून आला ते सांगत होती. अर्ध्या तासात नातेवाइकांचे दोन ढीग झाले. ज्या काकू ‘‘हे घ्या, ते घ्या’’ करून जीव काढतात त्यांचे तिन्ही पीस ऐंशीचे. आणि जिच्याशी आम्ही एका प्लॉटवरून जेमतेम बोलतो, त्या चुलतजाऊबाईंचा पुरा मीटर. बायको बराच वेळ गप्प होती. त्यानंतरच्या दिवाळीत चुलतजाऊबाईंकडे फराळ गेला. कारण मी विचारलं नाही.

कापड ताणणं हे पापड लाटण्यासारखं आहे; बघताना हात आपोआप फिरताहेत असं वाटतं. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पीन, मग समोरासमोर ओढत कोपऱ्यांकडे यायचं, हा नियम. मी उत्साहानं एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिसरी बाजू होईपर्यंत कापडावरच्या सरळ रेघा घाटातल्या रस्त्यासारख्या वळल्या होत्या. सगळ्या पिना उपटल्या. मागे दुमडायला इंचभरच कापड, त्यामुळे दोन बोटांच्या चिमटीत ते धरायचं, गुडघ्यानं बोर्ड दाबायचा आणि तिसऱ्या हातानं टॅकर चालवायचा. सोसायटीत काम करणारा एक सुतार दारातून हे पाहत होता. त्याला राहवलं नाही. ‘‘साहेब, पीन तिरकी मारा. सरळ मारली तर धाग्याबरोबर कापड उसवतं.’’ एवढंच बोलून तो गेला. त्या दिवसभरात मला कळलेली ही एकमेव उपयोगी गोष्ट.

कोपरे मात्र मला जमले. जूनमध्ये नव्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचो, तोच हात. आधी टोक आत, मग एक बाजू, मग दुसरी, वरून अंगठा दाबून धरायचा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला शाळेतलं नेमकं काय उपयोगी पडेल, सांगता येत नाही. पहिल्या बोर्डाला एकशे त्रेचाळीस पिना लागल्या. साठ पुरल्या असत्या.

बोर्ड उलटा केला. मोरपंखी रंग, एक सुरकुती नाही. आणि डाव्या कोपऱ्यात, अगदी दर्शनी, हळदीकुंकवाचं बोट! ओटी भरताना पिसाच्या कोपऱ्याला लावतात ते. पिवळा ठिपका, त्यावर लाल. एकशे त्रेचाळीस पिना पुन्हा उपटण्याची ताकद माझ्यात नव्हती. ‘‘शुभ असतं,’’ मी म्हणालो.

दोन रविवारांत पाच बोर्ड झाले. अबोली रंगाचा आमच्या भिंतीवर चढला. त्यावर काही लावता येत नाही. मी लाइट बिल घेऊन गेलो तर बायको ओरडली, ‘‘भोकं पडतील त्याला!’’ बिल परत फ्रिजवर. महिन्याभरानं बायकोची मावशी आली आणि बोर्डासमोर थबकली.

‘‘अगं, हा पीस मी तुला श्रावणात दिलेला ना?’’

मी स्वयंपाकघरात सटकलो. बायको शांतपणे म्हणाली, ‘‘हो ना मावशी. म्हणून तर शिवायला न टाकता भिंतीवर जपून ठेवला.’’ मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चहा पिताना तिनं आवाज खाली आणून सांगितलं, की तो तिलाही विहीणबाईंनी दिला होता. जाताना तिला एक बोर्ड दिला. एक भाचीच्या रुखवतात गेला, एक सोसायटीच्या ऑफिसला, आणि ते मोरपंखी हळदीकुंकू आतेभावाच्या वास्तुशांतीला. त्याच्या बायकोनं तो पाहून ‘‘अय्या, घरी केलात?’’ असं विचारलं होतं. त्या सुरावरूनच मी समजायला हवं होतं.

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. ‘भेटवस्तू आणू नये’ असं छापूनही लोकांनी आणल्या. रात्री एकेक उघडत होतो. बायकोच्या ऑफिसातल्या एका बाईंनी दिलेलं पुडकं चपटं होतं, हलकं होतं, आणि साधारण दोन बाय तीनचं. सोनेरी कागद फाडायच्या आधीच माझा अंगठा कोपऱ्यावर गेला. खाकी कव्हरचा कोपरा मी अंधारातही ओळखेन.

एकही टाचणी टोचलेली नव्हती. बायकोनं तो दिव्याखाली धरला, डावा कोपरा पाहिला आणि मग काही न बोलता माझ्यासमोर धरला. तिथे आता हळदीकुंकवाची दोन बोटं होती.